पुढच्या तीन ओळी

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्राचार्यांनी बोलावलं. गेल्या गेल्या चहा सांगितला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात मारायचं आहे. एरवी हे गृहस्थ मला खुर्चीवर बसा असंही म्हणत नाहीत.

"मॅडम, सुवर्णमहोत्सवाला आपण आपला सिनेमा दाखवतोय. अठ्ठावीसला, आपल्याच सभागृहात. दिग्दर्शक स्वतः येणार आहेत. आणि मंचावर त्यांच्या शेजारी तुम्ही!"

आपला सिनेमा म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी याच कॉलेजात चित्रीकरण झालेला तो विनोदी सिनेमा. मी म्हटलं, मी कशाला? तर म्हणाले, "असं कसं! तुम्ही त्यात आहात. आजच्या मुलांना कळू दे की."

आजच्या मुलांना कळायचं काय शिल्लक आहे? मुलांच्या हॉस्टेलमध्ये मला टॉवेलबाई म्हणतात. त्यांचे बाप इथे शिकले तेही म्हणायचे. माझं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं उरलंय.

मी नाही म्हणाले. प्राचार्यांनी कपातला चमचा उगाचच बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "मार्चमध्ये तुमची निवृत्ती. मुदतवाढीचा तुमचा अर्ज माझ्याकडेच आहे. विचार करा." मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर म्हणून मला इथे दोन खोल्या आहेत. त्या गेल्या की मला दादाच्या घरी जाऊन राहावं लागेल, आणि दादाच्या घरी जाण्यापेक्षा मी बसस्टँडवर राहीन.

विचार करते म्हणाले आणि उठले. चहा तसाच ठेवला.

५ नोव्हेंबर, बुधवार

तो सिनेमा न पाहिलेला माणूस मला या गावात अजून भेटायचाय. तरी लिहून ठेवते, कारण माझी बाजू कुठेच लिहिलेली नाही.

गोष्ट अशी. कॉलेजात दोन हॉस्टेलं. पुढचं श्रीमंतांचं, मागचं फाटक्या पोरांचं. प्राचार्य आणि गावचा नगरसेवक मिळून मागचं हॉस्टेल पाडून तिथे दुकानं काढायला निघतात. पोरं आपल्या खाटा उचलून कोरड्या पोहण्याच्या तलावात नेऊन मांडतात आणि तिथेच स्वतःचं कॉलेज सुरू करतात. शिवाय रोज प्राचार्यांच्या खुर्चीचे पाय बोटभर कापतात. प्राचार्यांना कळत नाही खुर्ची लहान होतेय की आपण. शेवटी त्यांची हनुवटी टेबलाला टेकते. लोक हसून हसून खाली पडतात. त्या काळात खुर्चीला हसायची कोणाची छाती नव्हती, म्हणून तो सिनेमा मोठा, असं सगळे सांगतात. असेल.

मधेच ही शूर पोरं मुलींच्या न्हाणीघराच्या भिंतीला भोक पाडतात. ते का, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. नगरसेवक काही आत अंघोळ करत नव्हता.

मी दुसऱ्या वर्षाला होते. वक्तृत्व स्पर्धेत माझं भाषण ऐकून दिग्दर्शकाने मला दोन प्रसंग दिले. पहिल्यात मी प्राचार्यांसमोर उभी राहून विचारते की ग्रंथालय मुलींना सहालाच का बंद होतं. दुसऱ्यात ओल्या केसांना पांढरा टॉवेल गुंडाळून दारातून डोकं बाहेर काढायचं आणि दचकायचं. "फक्त चेहरा घेतोय," म्हणाला. थंडी होती. माझ्या अंगात पूर्ण कपडे होते आणि वर आईने विणलेला स्वेटर होता.

सिनेमा आला. पहिला प्रसंग नाहीच. लांबी वाढत होती म्हणे. दुसऱ्यात भोकातून दिसते ती एक उघडी पाठ, पार खालपर्यंत, डोक्याला पांढरा टॉवेल, आणि ती वळते तेव्हा माझा चेहरा.

ती पाठ माझी नाही.

दादा पहिल्याच आठवड्यात मित्रांबरोबर गेला होता. घरी आल्यावर माझ्याबरोबर एका टेबलावर जेवायचा बंद झाला. मी म्हटलं, दादा, मी स्वेटर घातला होता रे. तो म्हणाला, "अख्ख्या गावाने पाठ पाहिली. आता स्वेटर कोणाला दाखवतेस?" ठरलेलं लग्न मोडलं. नंतर कोणी विचारलंही नाही, आणि मीही विचारू दिलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज ऑफिसात मुलींची फौज. पुढे चष्मेवाली. ही तिसऱ्या वर्षाची, जाड भिंगांची, वाद घालायला जन्मलेली पोर. गेटची वेळ सातवरून नऊ करा, ही यांची मागणी. वर्षातून दोनदा येतात, मी दोनदा नाही म्हणते.

"मॅडम, गेट सातलाच का बंद होतं?"

"तुमच्या भल्यासाठी."

"प्रयोगशाळा साडेसातपर्यंत चालते. मुलं थांबतात, आम्ही प्रयोग अर्धा टाकून धावत येतो. यात आमचं भलं काय?"

"भलं काय ते तुम्हाला माझ्या वयाच्या झालात की कळेल."

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही. म्हणे, "ज्या कॉलेजवर एवढा बंडखोर सिनेमा निघाला, तिथे अजून गेट सातला बंद होतं, याचं हसू येतं. तुम्ही तर स्वतः त्या सिनेमात..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर हात आपटून मी ओरडले, "ती पाठ माझी नाही! अंगात स्वेटर होता माझ्या!"

चाळीस वर्षांत हे दादा सोडून कोणाला बोलले नव्हते, आणि बोलले ते कोणापुढे, तर या कार्ट्यांपुढे. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि हळूच विचारलं, "आणि दुसरा सीन होता का मॅडम? तुमचा?" मी म्हटलं, होता, बोलायचा होता, कापला. आता चालत्या व्हा.

गेल्या मुकाट्याने. संध्याकाळपर्यंत अख्ख्या हॉस्टेलात झालं असणार. माझ्याच हाताने मी त्यांना आयतं कोलीत दिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

झालंच. मुली कॉमन रूममध्ये तो सिनेमा लावून बसल्यात. भोक पाडताना वाजणारी ती फालतू शिट्टीची धून मला बंद दारातूनही ओळखू येते. धून वाजते, थांबते, पुन्हा मागे घेऊन वाजते. तोच सीन, पुन्हा तोच सीन. एक जण म्हणत होती, "इथून. नीट बघून ठेव, इथून सुरू." चवीने बघतायत!

मुलांनी हसावं, त्यांना ते जन्मतःच येतं. पण या? यांच्यासाठी मी कोणाकोणाशी भांडले. न्हाणीघराच्या खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. सभागृहात कोणताही कार्यक्रम असो, पुढच्या तीन ओळी हॉस्टेलच्या मुलींच्या, हा नियम माझा. पूर्वी त्यांना मागे बसवायचे, आणि मागे अंधारात काय चालायचं ते मला माहीत आहे. त्या सभागृहाची जमीन सपाट, पुढे एक माणूस उभा राहिला की मागचे बोंबलतात. तरी वीस वर्षं पुढच्या तीन ओळी मी सोडल्या नाहीत. त्याची ही परतफेड.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आता टॉवेल. पांढरे शुभ्र, एकसारखे. बाजारातून गठ्ठाच आणलाय. पोरींकडे आपापले रंगीबेरंगी टॉवेल असताना हे कशाला?

संध्याकाळी फाटकापाशी उभी होते. वर पाहिलं तर गच्चीवर ओळीने डोकी, सगळ्यांना पांढरे टॉवेल गुंडाळलेले. चष्मेवाली हात वर करते, सगळी डोकी एकदम उठतात. हात खाली, डोकी खाली. पुन्हा वर. मधे एकीचा टॉवेल सुटला आणि सगळ्या खिदळल्या.

मी दोन जिने चढून गेले तेव्हा धाप लागली होती. नाहीतर अजून बोलले असते. एकेकीच्या डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला. बाकीचे खोल्यांतून मावशीला गोळा करायला लावले. मावशी म्हणजे आमची हॉस्टेलची कामवाली, माझ्याआधीपासून इथे आहे. ती म्हणाली, "मॅडम, ऐका तर, पोरी वाईट नाहीत हो. त्यांचं काय चाललंय ते..."

"मला दिसतंय काय चाललंय," मी म्हटलं.

"दिसतंय ते..."

"मावशी, गठ्ठा माझ्या कपाटात ठेवा आणि किल्ली द्या."

चष्मेवाली काही बोलायला पुढे आली होती. मी तिला म्हटलं, नकला करायच्या तर सर्कशीत जा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पकडली गेली की सगळ्यांच्याच येतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्राचार्यांकडे गेले. मंचावर बसते, म्हटलं, पण तो सीन कापा. तीन मिनिटांचा नाही तो. तेवढा वगळून दाखवा.

तिथे राज्यशास्त्राचे सर बसले होते. सिनेमाआधी त्यांचं भाषण आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे बोलणार. "मॅडम, अभिजात कलाकृतीला कात्री लावायची? हा सिनेमा म्हणजे सत्तेला दिलेलं आव्हान आहे. दडपशाहीच्या काळात सामान्य पोरांनी खुर्ची कापून दाखवली!"

"खुर्ची कापली ते ठीक. भोक पाडलं ते कोणत्या सत्तेच्या भिंतीला?"

"तो खट्याळपणा. त्या काळाच्या संदर्भात बघायला हवा."

"मी त्या काळातच होते सर. संदर्भात उभी होते, स्वेटर घालून."

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, तुमच्या त्या पोरांनी प्राचार्याला खाली आणलं, नगरसेवकाला पळवलं, पुढच्या हॉस्टेलची मस्ती जिरवली. सगळ्या जगाला समान केलं. मुली मात्र शेवटपर्यंत भोकाच्या पलीकडेच. अख्ख्या सिनेमात एक मुलगी एक अख्खं वाक्य बोलत नाही. एक बोलत होती, तिला कापलं. तेव्हा लावली की कात्री! तेव्हा कुठे गेली होती अभिजात कलाकृती?

सर म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो." हे म्हणणाऱ्या माणसाने काहीही समजून घेतलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. प्राचार्यांनी मुदतवाढीचा अर्ज ड्रॉवरमधून काढून वर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. पुढे बोलायची गरजच नव्हती.

मी मूग गिळून परत आले. नाही म्हणायची धमक असती तर ती चाळीस वर्षांपूर्वीच कामाला आली असती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी दार लावून ऑफिसच्या संगणकावर सिनेमा पाहिला. पहिल्यांदाच, अख्खा. एवढी वर्षं फक्त लोकांच्या तोंडून पाहत होते.

खरं लिहायचं तर खुर्चीच्या प्रसंगाला मला हसू आलं. प्राचार्य सही करायला हात वर करतात, माळ्यावरचा डबा काढल्यासारखा, तिथे तर मी मोठ्याने हसले आणि मग कोणी ऐकलं का म्हणून दाराकडे पाहिलं. तलावात खाटा मांडून पोरं वर्ग भरवतात तेही छान आहे. चांगला सिनेमा आहे, हेच वाईट आहे. टुकार असता तर कधीच मेला असता.

मग शिट्टीची धून वाजली. मी डोळे मिटले नाहीत. पाठ दिसली. गोरी, डाव्या खांद्यावर लहानसा डाग. मला असा डाग नाही. एवढ्या वर्षांत कोणी एकानेही तो डाग पाहिला नसेल, पाहण्यात तर सगळे एवढे तरबेज.

माझी कापलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत. मी म्हणायचे, "सर, ग्रंथालय मुलींना सहालाच का बंद होतं?" प्राचार्य म्हणायचे, "तुमच्या भल्यासाठीच, पोरी." मग मी, "आमचं भलं कशात आहे ते आम्हाला एकदा विचारलंत का?" आणि तिथे मी एक पाऊल पुढे टाकायचं होतं. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या होत्या. आजही खोलीत उभी राहून म्हणून पाहिलं. आवाज बसलाय पण फेक तशीच आहे.

गेट सातला लावून आले. चष्मेवाली प्रयोगशाळेतून धावत आली, अर्धं पाऊल आत, अर्धं बाहेर. तिची वही बाहेर पडली, ती उचलू दिली नाही आणि वर माफीनामा लिहून घेतला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दिग्दर्शक सभागृह बघायला आले. आता काठी टेकत चालतात. मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. त्यांनी मला ओळखलं नाही. प्राचार्य कानात कुजबुजले तेव्हा चेहरा उजळला. "अरे! टॉवेल! तुमच्या टॉवेलवर पिक्चर चाललं हो आमचं!"

मी विचारलं, "ती पाठ कोणाची होती?"

"कुठली?"

"माझ्या चेहऱ्याला जोडलेली."

त्यांनी आठवायचा खरंच प्रयत्न केला, हे म्हणायला हवं. "होती कोणीतरी. अर्ध्या दिवसाचं काम. नाव कोण लिहून ठेवतो?"

रात्री जेवताना तिचाच विचार डोक्यात होता. तिचा चेहरा कोणी पाहिला नाही, माझी पाठ कोणी पाहिली नाही. दोघींची मिळून एक बाई तयार केली आणि तिला सगळं गाव ओळखतं. ती कुठे असेल, तिलाही भाऊ असेल का, कोणास ठाऊक. तिला मंचावर बोलवायचं कोणाच्या मनात आलेलं नाही.

ठरवलंय. त्या दिवशी तो सीन आला की मी उभी राहणार. पहिल्या ओळीत असेन. उभी राहून मोठ्याने सांगणार, ती पाठ माझी नाही. मुदतवाढ गेली तर गेली. बसस्टँड आहेच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चष्मेवाली पुन्हा आली. या वेळी फौज नाही, एकटीच. शुक्रवारच्या खेळाला सगळ्या मुलींना सोडा म्हणते. खेळ सहाला, सुटायला साडेआठ होणार. गेट सातला बंद.

"नियम तो नियम."

"मॅडम, फक्त एक दिवस. पुढच्या तीन ओळी आमच्याच आहेत ना? तुम्हीच ठरवलंय."

"या शुक्रवारी नाहीत."

"आणि ते टॉवेल... तेवढे परत दिलेत तर..."

किती निर्लज्ज! टॉवेल घालून पहिल्या तीन ओळींत बसून माझ्या तोंडावर हसायचंय यांना! मी म्हटलं, एकही मुलगी शुक्रवारी फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही. तिने टेबलाची कड धरली. "मॅडम, तुमच्यासाठी मागतेय. प्लीज. एकदा ऐकून तर घ्या, आम्ही काय..."

"माझ्यासाठी! तुझ्या जिभेला काही हाड? एक शब्द बोललीस तर घरी पत्र जाईल."

ती गप्प झाली. घरी पत्र म्हटलं की सगळ्या गप्प होतात. हे शस्त्र मी क्वचित काढते.

मुलं हसतील ते मी सोसेन. सवय आहे. पण या तीन ओळी हसल्या तर मला उभं राहता येणार नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. म्हणून कुलूप.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेपाचला फाटकाला स्वतः कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये.

सभागृह तुडुंब. पुढच्या तीन ओळी रिकाम्या दिसल्या तशी मुलांच्या हॉस्टेलची टोळी शिट्ट्या मारत येऊन तिथे बसली. सगळे मिळून मला म्हणाले, "नमस्कार मॅडम!" आणि मागून कोणीतरी बारीक आवाजात "टॉवे...ल" म्हणालं.

राज्यशास्त्राचे सर सत्ता, बंड आणि हास्य यांवर बोलले. टाळ्या. दिवे गेले. मी पहिल्या ओळीच्या कडेला, पर्स मांडीवर.

धून वाजली. मी उठले. मागून प्रोजेक्टरचा उजेड माझ्या डोक्यावर पडला आणि पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या अंबाड्याची सावली आली. एवढीशी. बाकी सगळं स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "ती..." आणि मागून ओरडा झाला, "बसा हो आजी, दिसत नाहीये!" दुसरा म्हणाला, "अरे, आजी नाही, तीच आहे ती! लाइव्ह!" अख्खं सभागृह हसलं. पडद्यावर माझा चेहरा वळून दचकत होता.

एकटी बाई उभी राहिली तर ती नुसती मध्ये येते. मी बसले.

शेवटी मंचावर बोलावलं. दिग्दर्शकांनी मला भेट दिली, रेशमी फितीने बांधलेला पांढरा टॉवेल, त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह विणलेलं. कल्पना प्राचार्यांची. आधी कुठे तरी चार जण हसले, मग सगळेच, मग उभं राहून टाळ्या. मी काय केलं? मी तो घेतला. माइकवर धन्यवाद म्हणाले. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलेली मुलगी मी, चाळीस वर्षांनी मला बोलायला माइक मिळाला, आणि मी धन्यवाद म्हणाले.

नशीब, मुली नव्हत्या.

असं मनाशी म्हणत परत आले, आणि फाटकापाशी थबकले. आतल्या अंगणात सगळ्या मुली ओळीने उभ्या. तीन ओळी. डोक्यांना पांढरं काहीतरी गुंडाळलेलं. जवळ गेल्यावर कळलं, उशांचे अभ्रे. मला वाटलं, इथेही! घराच्या दारातही सोडत नाहीत! मी गजांतूनच ओरडणार होते. पण कोणी हसत नव्हतं. चष्मेवालीचं नाक लाल झालं होतं.

मावशी पुढे आली. आज तिने मला बोलणं तोडू दिलं नाही. "मॅडम, या तिथे पडद्यापुढे उभ्या राहणार होत्या. तीन ओळी, एकदम, ते वाजायला लागलं की. डोक्याला टॉवेल बांधून, उंच दिसावं म्हणून. मागच्या कोणाला काही दिसलंच नसतं. गच्चीवर तेच शिकत होत्या हो. तुम्ही ऐकाल तर शपथ! मग म्हणाल्या, निदान इथे उभ्या राहू. कधीच्या उभ्यायत. बसा म्हटलं तर बसत नाहीत."

मी किल्ली शोधत होते. पर्समध्ये समोरच होती, तरी सापडत नव्हती. काखेत तो फितीचा टॉवेल.

चष्मेवाली गजांच्या पलीकडून म्हणाली, "दाखवला का मॅडम?"

मी म्हटलं, "दाखवला."

"सगळा?"

"सगळा."

तिने मान हलवली. मग त्या जाड भिंगांतून माझ्याकडे बघत, भांडायच्या आवाजात नाही, नुसतंच विचारलं, "मॅडम, गेट सातलाच का बंद होतं?"

उत्तर तोंडात तयार होतं. पाठच होतं. ते कोणाचं वाक्य आहे आणि त्याच्यासमोर कोण उभी होती ते मला तेव्हा ऐकू आलं, आणि कुलपावरचा माझा हात मला कोणा दुसऱ्या बाईचा वाटला. कुलूप काढलं. त्या बाहेर आल्या नाहीत, मीच आत गेले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कपाटातले टॉवेल काढून कॉमन रूमच्या टेबलावर ठेवले. माफी मागायची होती, पण मी म्हणाले, "आपापले घ्या आणि वाळत नीट घाला." एकेक जण घेऊन गेली. जाताना कोणी हसलं नाही, कोणी पायाही पडलं नाही, बरं झालं. काही जणी अजून रागात आहेत. असू देत. मीही आहे.

शेवटी एक टॉवेल उरला. मी म्हटलं, हा कोणाचा? गैरहजर कोण, म्हणून पाहिलं, तर सगळ्या हजर.

"तो तुमचा, मॅडम," मावशी म्हणाली. "पहिल्या ओळीत मधली जागा तुमची होती. वर्गणी काढून आणले होते सगळे, तेच त्या दिवशी गच्चीवर तुम्हाला सांगणार होत्या."

मी माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. पुन्हा कधी दाखवतील तो सिनेमा? शतकमहोत्सवाला? तोवर मी नसेन, आणि या पोरीही आपापल्या गावी पांगलेल्या असतील. काल एकच संध्याकाळ होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी उभं राहणार होतं, आणि त्यांना मी कुलूप घातलं. हे पाप दिग्दर्शकाचं नाही, प्राचार्यांचं नाही, दादाचंही नाही. कोणाच्या नावावर ढकलायला जागाच नाही.

दुपारी प्राचार्यांचा निरोप आला, कार्यक्रम झकास झाला, मुदतवाढीवर सही केली आहे. दोन ओळींचं पत्र लिहून शिपायाबरोबर धाडलं. सोमवारपासून मुलींचं गेट नऊला बंद होईल, आणि ते मान्य नसेल तर सही खोडावी. थोड्या वेळाने फोन वाजू लागला. अजून वाजतोय. वाजू दे.

फितीचा टॉवेल मावशीला जिना पुसायला दिला. पाणी चांगलं टिपतो म्हणाली.